पासपोर्ट कुणाच्या पेटीत?



गेल्या खेपेला उन्हाळी वाळवणांबद्दल लिहिलं होतं आणि कुरडयांच्या चिकाचं पुढच्या वेळी सांगते असं कबूलही केलं होतं. पण मधल्या काळात आमच्या घरी असा एक प्रकार घडला की कुरडया राहिल्या बाजूला. राग मानू नका. चीक काही पळून जात नाही.

त्याचं असं झालं. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी गेली अकरा वर्षं येताहेत. मी लग्न होऊन या वाड्यात आले, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. परवा शेवटची पोळी तव्यावर टाकता टाकता त्यांनी विचारलं, "ताई, मस्कत कुठं आलं हो?" मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे यायचेच. चिरंजीवांचा नकाशा काढला. हे आपलं मुंबई, हा मधला समुद्र, हे ओमान आणि हे मस्कत. मावशींनी पिठाचं एक बोट मुंबईवर ठेवलं, दुसरं मस्कतवर. "जवळच दिसतंय की!" म्हणाल्या.

"का हो मावशी? मस्कत कशाला मधेच?"

"सून चाललीय."

सून म्हणजे तुम्हाला सांगायला हवं. सव्वीस वर्षांची पोर, नववीपर्यंत शिकलेली. मुलगा पहिलीत. नवरा रिक्षा चालवायचा. दीड वर्षापूर्वी अपघात झाला, पायात सळई घालावी लागली. त्या ऑपरेशनसाठी आधी बचत गटाचं कर्ज, ते पुरेना म्हणून फायनान्स कंपनीचं, ते फेडायला आणखी एकाकडून, अशी सगळी चढती भाजणी. आठवड्याचा हप्ता चुकला की वसुलीवाला दारात येऊन बसतो, शेजारीपाजारी बघतात. सून चार घरी स्वयंपाक करून महिन्याला जेमतेम बारा हजार मिळवते. आता सांगितलं होतं काय, तर मस्कतला एका घरी दोन मुलं सांभाळायची, स्वयंपाक करायचा, महिना तीस हजार, जेवणखाण त्यांचं. आणि आपण एक दमडी द्यायची नाही. विमानाचं तिकीटसुद्धा एजंटच काढणार. सांगणारी बाई कुणी परकी नव्हे. मावशींच्या भाच्याच्या सासुरवाडीकडची. ती स्वतः चार वर्षं तिकडे होती. घराला फरशी बसवली म्हणे तिने.

"व्हिजिट व्हिसावर जायचं," मावशी सांगत होत्या, "तिकडं गेलं की आठ दिवसांत पक्का कागद होतो. विमानतळावर कुणी विचारलं तर बहिणीला भेटायला चालले म्हणायचं."

"तिला आहे का बहीण मस्कतला?"

"नाही हो ताई. म्हणायचं आपलं नुसतं."

"आणि पासपोर्ट?"

"तो एजंटाकडंच आहे. त्यानंच काढून दिला ना."

माझ्या पोटात गोळाच आला. कारण हीच हकिकत, जवळजवळ याच शब्दांत, मी पूर्वी एकदा ऐकली होती. आमच्या गिरणीत.

मी बुधवार पेठेत राहते म्हटलं की बाहेरगावच्या बाया एकदम गप्प तरी होतात, नाहीतर गालातल्या गालात हसतात. अहो, बुधवारात काय नाही? दगडूशेठचा गणपती आहे, तांबडी जोगेश्वरी आहे, तुळशीबाग आहे, शाळेची पुस्तकं घ्यायला सगळं पुणं ज्या अप्पा बळवंत चौकात येतं तो आहे. आणि त्या चार-पाच गल्ल्याही आहेत. नव्या नवरीच्या दिवसांत सासूबाईंनी मला दोनच गोष्टी बजावल्या होत्या: देवघरात ओलेत्याने जायचं, आणि त्या बोळातून जायचं नाही. मी दोन्ही पाळल्या. पण पेठ लहान. त्या गल्ल्यांतल्या बायका त्याच डेअरीचं दूध घेतात, त्याच गजरेवालीकडून गजरा घेतात आणि दळणही त्याच गिरणीत टाकतात.

चार वर्षांपूर्वी श्रावणात असाच धो धो पाऊस लागला आणि गिरणीच्या पत्र्याखाली आम्ही दोघी अडकलो. तिचं वय पन्नासच्या पुढचं असावं. आता ती तिथे इतर बायकांचा स्वयंपाक करते. बोलायला सुरुवात तिनेच केली, माझ्या मुलाचं दप्तर बघून. गाव नेपाळातलं, सिंधुपाल्चोक जिल्ह्यातलं. पंधरा वर्षांची असताना गावातली एक ओळखीची मावशी म्हणाली, काठमांडूत गालिचे विणायचं काम आहे. काठमांडूत गेल्यावर म्हणाली, इंडियात जास्त पगार आहे. "बॉर्डर पे किसीने कुछ पूछा नहीं. और यहाँ आके बोले, तेरे ऊपर इतना पैसा लगा है, पहले वो चुका."

मी आपलं बावळटासारखं विचारलं, "मग पळून का नाही गेलात?"

"किधर? मेरे पास एक भी कागज नहीं था, दीदी." एवढं बोलून ती आपला डबा घेऊन पावसातच निघून गेली.

त्या दिवशी घरी आल्यावर मला वाटलं होतं, बिचारी. एवढंच. पुढे मी फारसा विचार केला नाही हे खरं सांगते. मावशींनी "पासपोर्ट एजंटाकडं" म्हटलं तेव्हा ती बाई आठवली.

आता थोडं शाळेतल्यासारखं सांगते, सोसून घ्या. भारत आणि नेपाळ यांच्यामध्ये १९५० चा करार आहे. त्यामुळे इकडून तिकडे जायला व्हिसा लागत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की पंधरा वर्षांची मुलगी कुणाबरोबर चालली आहे याची कुठे नोंदही होत नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवर पोलिसांनी मोठे छापे घातले. चारशेहून अधिक मुली सोडवल्या, त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. सोडवल्या खऱ्या, पण त्यांना घरी कसं न्यायचं? नागरिकत्वाचा कागद कुणाकडेच नाही. त्यांचं सरकार त्यांना आपलं म्हणायला कचरत होतं. महिनोन् महिने त्या मुली मुंबईच्या सुधारगृहांत पडून राहिल्या. शेवटी तिथल्या संस्थांनी पुढाकार घेऊन शंभराहून अधिक जणींना परत नेलं. त्यांपैकीच काही मुलींनी मिळून तिकडे 'शक्ती समूह' नावाची संस्था काढली आणि २०१३ साली त्या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काठमांडूत अशीच दुसरी एक संस्था आहे, अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये काढलेली. तिचं नाव 'माइती नेपाल'. माइती म्हणजे माहेर. ज्यांना माहेरच्यांनी दार उघडलं नाही त्यांच्यासाठी हे नाव!

बांगलादेशातून येणाऱ्या मुलींची गत आणखी वाईट. त्या सीमेवर व्हिसा लागतो, दलाल रात्रीच्या अंधारात ओढा-शेतातून पार करून आणतो. म्हणजे फसवली गेली ती, आणि बेकायदा शिरली म्हणून गुन्हाही तिच्याच नावावर. पोलिसांनी सोडवलं तरी तिने सांगितलेला पत्ता तिकडे पडताळून येईपर्यंत ती आश्रमात. बऱ्याचदा ही चिठ्ठीचपाटी वर्ष वर्ष चालते. दोन्ही देशांनी २०१५ मध्ये याबाबत करार केला आहे, तरी कागद आपल्या गतीनेच चालतो. त्या गल्ल्यांतली प्रत्येकच बाई अशी फसवून आणलेली आहे असं मी म्हणत नाही, बरं का. कर्नाटकातल्या आहेत, बंगालच्या आहेत, आपल्या मराठवाड्यातल्याही आहेत, आणि कुणाची कहाणी काय हे आपण बाहेरून ठरवू नये. पण जी सीमा ओलांडून कागदाशिवाय आली, तिच्या गळ्यात एक जास्तीचा फास असतो. तक्रार करायला गेली तर तीच पकडली जाते. हे तिला आणणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, आणि त्याचा सगळा धंदाच त्यावर चालतो.

आपल्याला वाटतं, या बायका भोळ्या, अडाणी, कुणी काही सांगितलं की विश्वास ठेवतात. मलाही तसंच वाटायचं. पण मावशींची सून माझ्याहून व्यवहारी आहे. भाजीवाल्याकडून दोन रुपये सोडवून घ्यायला मला जमत नाही, ती घेते. तिने हिशेब केला होता. इथे बारा हजार, तिथे तीस. दोन वर्षांत कर्ज फिटतं. धोका आहे हेही तिला कळत होतं. पण वसुलीवाला दर सोमवारी येतो आणि धोका पुढे कधीतरी येईल. मग माणूस सोमवारचाच विचार आधी करणार. नेपाळातही हेच. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सर्वांत जास्त माणसं त्याच सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गेली. घरं पडली, गुरं गेली, आणि मदतीच्या गाड्यांच्या मागोमाग दलालही गावात पोचले. त्या देशाच्या उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा बाहेरगावी गेलेल्या माणसांनी पाठवलेल्या पैशांचा आहे. जिथे शेजारच्या घराला फरशी बसलेली दिसते, तिथे "जाऊ नकोस" म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार?

आणि जाणं हे वाईट आहे असंही नाही. आपल्या रत्नागिरीकडे जाऊन बघा. गावंच्या गावं आखातातल्या पैशावर उभी राहिली, पोरं शिकली, बहिणींची लग्नं झाली. माझ्या वर्गात दोन मुली आहेत, वडील दुबईत फोरमन. फरक जाण्यात नाही, कोणत्या वाटेने जायचं त्यात आहे.

सरळ वाट कशी असते ते या निमित्ताने मी शोधून काढलं. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर हा शेरा असतो. म्हणजे आखाती अरब देश धरून एकूण १८ देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. ती देणारा अधिकारी नोकरीचा करार, पगार, विमा बघतो. १९८३ च्या कायद्याने ही व्यवस्था झाली. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटालाही सरकारी नोंदणी लागते, आणि त्याने घ्यायची फी ३०,००० रुपये आणि वर कर, यापेक्षा जास्त असता कामा नये. ई-मायग्रेट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदलेल्या एजंटांची यादी कुणालाही बघता येते. मी दहावीतल्या एका विद्यार्थिनीच्या मदतीने दहा मिनिटांत बघितली. ईसीआर पासपोर्टवर घरकामासाठी जाणाऱ्या बाईला तर सरकारने नेमून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच पाठवता येतं, आणि तिचं वय निदान तीस हवं.

इथेच मेख आहे. सून सव्वीसची. सरळ वाट तिला बंदच. म्हणून एजंट म्हणतो व्हिजिटवर चल, कारण पाहुणी म्हणून जाणाऱ्या बाईला नोकरीची ती परवानगी लागत नाही. सरकारचा हेतू चांगला आहे, कोवळ्या मुली फसू नयेत हाच. पण मला विचाराल तर सव्वीसाव्या वर्षी जिच्यावर घर चालतं तिला "तू अजून लहान आहेस" म्हणून भागत नाही. कर्ज तिसाव्या वर्षापर्यंत थांबत नाही. नेपाळने तर वेळोवेळी बायकांना आखातात घरकामाला जायला बंदीच केली. परिणाम काय, तर तिथल्या बायका सीमा ओलांडून भारतात येतात आणि आपल्या विमानतळांवरून जातात, म्हणजे त्यांच्या सरकारच्या नोंदीतच नाहीत! उद्या काही झालं तर शोधायचं कुणी आणि कुठे?

दहावीची ही अट वाचताना मला आमच्याच पेठेतला भिडेवाडा आठवला. दगडूशेठच्या समोर १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. डिसेंबर २०२३ मध्ये तो पडका वाडा उतरवला, तिथे आता स्मारक व्हायचंय. त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर राहणारी मावशींची सून नववीतून शाळा सोडते आणि तो एक राहून गेलेला इयत्तेचा शिक्का तिच्या पासपोर्टवर उमटतो. असो.

आडवाटेने गेल्यावर पुढे काय होतं? आखातात कामाला आलेला माणूस मालकाच्या जबाबदारीवर असतो. मालकाला तिकडे कफील म्हणतात. तो दारातच पासपोर्ट काढून घेतो. त्या देशांपैकी बहुतेक ठिकाणी असं करायला कायद्याने मनाई आहे, तरी सर्रास घेतात. एजंटाने "एक दमडी नको" म्हटलं होतं ना? ते पैसे त्याने मालकाकडून घेतलेले असतात. बाईने चार दिवसांनी सांगितलं की मला इथे राहायचं नाही, तर मालकीण म्हणते, तुझ्यासाठी आम्ही इतके मोजलेत, ते दे आणि जा. गिरणीतली बाई काय म्हणाली होती? पहले वो चुका. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला मुळात काम करायचा हक्कच नाही, त्यामुळे पगार बुडाला, उपाशी ठेवलं, हात उगारला तरी ती कुठे बोलणार? घराबाहेर पडली तर मालक पळून गेल्याची फिर्याद देतो. व्हिसाची मुदत संपली की दिवसाचा दंड चढतो, आणि तो भरल्याशिवाय देशाबाहेर पडता येत नाही. तिथली सरकारं अधूनमधून दंड माफ करून अशा लोकांना घरी जाऊ देतात. संयुक्त अरब अमिरातीने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात अशी माफी दिली होती. पण एकाच घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या बाईला अशी माफी निघाल्याचं कळणार कसं? कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाची परवानगी लागण्याची अट काढून टाकली, तीही चांगली गोष्ट. मात्र अशा सुधारणांचा उपयोग कागदावर आलेल्यांना आधी होतो. 'आझाद व्हिसा' म्हणून एक प्रकार एजंट सांगतात, कुठेही काम करा म्हणून. त्या नावाचा व्हिसा कुठल्याच सरकारचा नाही. नाव एका कफीलचं आणि काम दुसऱ्याकडे, पकडलं की गुन्हा.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, हे सगळं कामवाल्यांच्या घरातलं, आमची मुलं इंजिनिअर आहेत. थांबा. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने विमानं पाठवून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे सोडवून आणलं. तिकडे म्यानमारच्या सीमेवर टोळ्यांनी इमारती बांधल्या आहेत. कॉम्प्युटरवरची छान नोकरी म्हणून शिकलेल्या मुलांना बँकॉकला बोलवायचं, तिथून गाडीने नदीपार न्यायचं, पासपोर्ट काढून घ्यायचे आणि फोनवरून लोकांना लुबाडायला लावायचं. इंग्रजी येणारी, पदवीधर मुलं! आणि ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, त्यात चोरवाटेने गेलेली १०४ माणसं परत आली, हातापायांत बेड्या घालून. त्यांत तिघं महाराष्ट्रातली होती. जमिनी विकून, लाखो रुपये मोजून गेलेली माणसं ही. तेव्हा आपल्या घरात कुणी "सगळं एजंट बघतोय, आई" म्हणालं, तर दुधाखालचा गॅस बारीक करा आणि जरा बसून चार प्रश्न विचारा.

मी सुनेला तेच विचारले. एजंटाचा नोंदणी क्रमांक काय? करार कुठे आहे, त्यावर पगार आणि मालकाचं नाव आहे का, आणि तो तुला कळेल अशा भाषेत आहे का? व्हिसावर काय लिहिलंय, नोकरी की भेट? परतीचं तिकीट कुणाकडे राहणार? शेवटी विचारलं, "तुला खोटं बोलायला का सांगितलंय?" यावर ती पहिल्यांदा गप्प झाली. ज्या नोकरीची सुरुवातच विमानतळावरच्या अधिकाऱ्याशी खोटं बोलून होते, तिथे पुढे आपल्या खऱ्या बोलण्याला कोण विचारणार, हे तिचं तिलाच उमगलं.

म्हटलं, आधी पासपोर्ट आणू. आमचे हे म्हणाले, "आपण कशाला दुसऱ्याच्या भानगडीत?" तेव्हा माजघरातून सासूबाई बाहेर आल्या. त्या बोळातून जायचं नाही म्हणून सांगणाऱ्या सासूबाई बरं का! म्हणाल्या, "तिच्याबरोबर जा आणि पासपोर्ट घेतल्याशिवाय घरी येऊ नकोस." हे मुकाट्याने चपला घालू लागले.

स्टेशनकडच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते ऑफिस. बाहेर टूर्स अँड ट्रॅव्हल्सची पाटी. टेबलाच्या खणात रबरबँड लावलेले पासपोर्टांचे गठ्ठे. मी डोळ्यांनी बघितले. नोंदणी क्रमांक विचारला तर भिंतीवरचा दुकानाचा परवाना दाखवला. करार तिकडे गेल्यावर मिळेल म्हणाला. पासपोर्ट परत हवा म्हटल्यावर आवाज चढला. म्हणे, तिकीट काढलंय, अठरा हजार ठेवा आणि घेऊन जा. सुनेने माझा हात घट्ट धरला होता. हे एरवी घरात फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी शांतपणे म्हणाले, "पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, तो तुम्हाला अडकवून ठेवता येत नाही. देत नसाल तर आम्ही इथून चौकीवर जातो, आणि खणात किती आहेत तेही सांगतो." तासभर घोळ घातला. शेवटी त्याने तो गठ्ठ्यातून काढून टेबलावर आपटला.

खाली आलो. मला वाटलं, आता पोर रडेल, पाया पडेल, मी तिला उठवीन. कसलं काय! ती जिन्यातच थांबली आणि म्हणाली, "ताई, पासपोर्ट आणलात ते बरं झालं. पण सोमवारचा हप्ता कोण भरणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येईपर्यंत रिक्षात कुणी बोललं नाही.

मग जमेल तेवढं केलं. बचत गटाच्या बाईंना भेटून त्यांच्या हप्त्याची मुदत वाढवून घेतली. फायनान्सवाल्यांकडे हे दोनदा जाऊन आले, त्यांनी व्याज सोडलं नाही, पण वसुलीवाला आता दारात बसत नाही. वाड्यातल्या दोघींनी सुनेला स्वयंपाकाला लावलं. माझ्या शाळेतल्या बाईंनी सुचवलं म्हणून दहावीचा १७ नंबरचा फॉर्म आणून दिला आहे; गणिताला ती घाबरते. कर्ज अजून आहे. तीस हजार पगाराची नोकरी आम्ही तिला दिलेली नाही, हे मी विसरत नाही, आणि तीही विसरलेली नाही.

तुमच्या माहितीत कुणी निघालं असेल तर एवढं लक्षात ठेवा. परदेशी नोकरीबद्दल विचारायला सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-३०९०. इथेच कुणी डांबून ठेवलं असेल तर ११२ किंवा बायकांसाठी १८१. जाणाऱ्या बाईच्या पासपोर्टची, व्हिसाची, कराराची झेरॉक्स घरी एक आणि शेजारी एक ठेवा. फोटोही फोनवर पाठवून ठेवा. घरचा एक नंबर तिला तोंडपाठ असू द्या, कारण पासपोर्टाच्या मागोमाग मोबाइलही काढून घेतात. तिकडच्या भारतीय वकिलातीचा नंबर कागदावर लिहून ब्लाउजच्या आत शिवून द्या. हे सासूबाईंचं डोकं. पूर्वी प्रवासात पैसे असेच शिवायचे म्हणे.

परवा मावशींना विचारलं, पासपोर्ट कुठे ठेवलात? म्हणाल्या, पत्र्याच्या पेटीत, मंगळसूत्र गहाण टाकल्याच्या पावतीबरोबर. किल्ली सुनेकडे आहे. "तिसावं लागायला चार वर्षं आहेत म्हणते. तेव्हा सरकारी वाटेनं बघू म्हणते."

चिकाचं पुढच्या खेपेला नक्की. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचं, एवढं तोवर करून ठेवा.